कलमांचे गोत्र

नाचणगावात नरहर पांढरीपांडे यांचे नाव दोन कारणांनी घेतले जाई. भूमापन खात्यात असताना त्यांनी केलेली मोजणी फेरमोजणीत कधी बदलली नाही, हे पहिले कारण. दुसरे कारण त्यांच्या अंगणात उभे होते. ते कमरखाचे झाड होते.

कमरख हे पाच धारांचे, पिकले की मेणासारखे पिवळे होणारे फळ. आडवे कापले तर चकतीला चांदणीचा आकार येतो. या भागात ते बहुधा आंबटच मिळते. बायका त्याची चटणी करतात आणि उरलेल्या रसाने पितळेची भांडी घासतात. नरहररावांचे कमरख मात्र गोड होते. नोकरीत असताना बदलीच्या गावाहून आणलेले ते रोप त्यांनी वैशाखातल्या उन्हापासून गोणपाट बांधून जगवले, वाढवले आणि निवृत्तीनंतर त्याची कलमे बांधण्याची विद्याही आत्मसात केली. पुलगावात, आर्वीत, वर्ध्याच्या ओळखीच्या घरांत जिथे जिथे म्हणून कमरख दिसते, ते बहुतेक त्यांच्या हातचे कलम असते.

कलम देताना त्यांची एक अट असे. घेणाऱ्याच्या घरी आधीचे बियाचे आंबट झाड असेल, तर ते आधी काढावे लागे. गोड आणि आंबट एकाच आवारात असणे हा त्यांच्या मते शुद्ध घोटाळा होता. लोक हसत, पण झाड काढत, कारण गोड कमरख दुसरीकडे मिळत नव्हते. अशा रीतीने काही वर्षांत गावातली आंबट झाडे एकामागून एक नाहीशी झाली आणि सर्वत्र एकसारखी, एकाच चवीची झाडे उभी राहिली. नरहररावांना त्याचे समाधान होते. अव्यवस्था त्यांना शारीरिक त्रासासारखी जाणवे. 'सुमारे' हा शब्द ते स्वतः वापरत नसत आणि दुसऱ्याने वापरला तर तो खोडून नेमका आकडा विचारत.

एकच आंबट झाड उरले होते, आणि ते नेमके त्यांच्या भिंतीला लागून होते. शेजारी तानबा गुल्हाने यांचे किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, त्यामागे परस. त्या परसात त्यांच्या पत्नी वच्छलाबाई यांनी कधीतरी टाकलेल्या बियांतून कमरखाचे झाड उगवले होते. ते भिंतीवरून अलीकडे झुकले होते. त्याची पाने, फुले आणि पडून फुटलेली आंबट फळे नरहररावांच्या रोज झाडलेल्या फरशीवर पडत. नरहररावांनी प्रथम सांगून पाहिले. नंतर हद्द मोजली. त्यानंतर गावातली वडीलधारी मंडळी बोलावून त्यांच्यासमोर विषय मांडला.

“साहेब, झाडाले काय समजते जी हद्द?” तानबा म्हणाले.

“झाडाला समजत नाही, म्हणूनच मालकाला समजावी लागते,” नरहरराव म्हणाले.

या उत्तरावर मंडळी हसली आणि निर्णय नरहररावांच्या बाजूने झाला. झाड बुंध्यासह काढावे आणि त्या जागी भिंतीच्या वर जाईल असे काहीही वाढू देऊ नये, असे ठरले. तानबांनी झाड तोडले. त्या दिवसापासून वच्छलाबाईंनी पांढरीपांड्यांच्या घरी येणे बंद केले. नरहररावांच्या पत्नी कमलाबाई यांना त्याचे वाईट वाटले. दुपारच्या वेळी भिंतीपाशी उभे राहून बोलण्याची दोघींची जुनी सवय मोडली होती. नरहररावांच्या लेखी प्रकरण संपले होते.

त्याच वर्षी पावसाळ्यात देवकाबाई त्यांच्याकडे आल्या. पुलगावच्या बाजारात त्यांनी बरीच वर्षे भाजी विकली होती, आणि आता गावातल्या बायकांच्या गटाच्या त्या प्रमुख होत्या. गटाने गावाबाहेर विहीर असलेला एक जमिनीचा तुकडा मक्त्याने घेतला होता. त्यात काय लावावे, हे विचारायला त्या आल्या होत्या.

“कमरख लावा,” नरहरराव म्हणाले. “कलमे मी देतो.”

“फळ धरन ना साहेब? आमी बायका गरीब. एकदा जमीन गुंतली का मंग दुसरं काई घेता येत नाई.”

“धरेल. माझा शब्द आहे.”

देवकाबाईंनी याहून अधिक काही विचारले नाही. ज्या माणसाची मोजणी कधी फिरली नाही, त्याच्या शब्दावर बायकांनी सबंध तुकड्यात कलमे लावली. रांगा अर्थातच नरहररावांनी स्वतः दोरी धरून आखून दिल्या.

कलमे जोमाने वाढली. तिसऱ्या वर्षी फुलली. बारीक, जांभळट गुलाबी फुलांचे झुपके फांद्यांवर आणि खोडावरही आले. मधमाश्या आल्या. आणि मग सारी फुले गळून पडली. फळ धरले नाही. पुढच्या बहरालाही तसेच झाले. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की नरहररावांच्या अंगणातले मूळ झाडही आता फळत नव्हते. पूर्वी ज्या झाडाची फळे टोपल्यांनी वाटली जात, त्याला आता प्रत्येक बहरात मोजकी चार फळे दिसत. गावातल्या इतर कलमांचीही तीच गत होती.

नरहररावांनी पद्धतशीर शोध सुरू केला. प्रथम उन्हाळा दोषी धरला आणि झाडावर सावली केली. नंतर पाणी तपासून घेतले. नंतर माती. नंतर खताचे प्रमाण बदलले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बहर संपेपर्यंत थांबायचे, अशी त्यांची रीत होती, आणि ती योग्यच होती. परंतु कोणत्याही बदलाने काही फरक पडला नाही.

गावाने एवढा वेळ घेतला नाही. तानबाच्या झाडाची हाय लागली, हे गावाचे निदान होते. दुकानात तेल घ्यायला आलेली माणसे ते तानबांच्या देखत बोलत.

“हाय-बिय काई नसते,” तानबा वजन करता करता म्हणत. “साखर किती देऊ थे सांगा.”

नरहररावांच्या कानावर ते आले तेव्हा त्यांनी कपाळाला आठी घातली आणि हा विषय घरात काढायचा नाही, असे कमलाबाईंना बजावले.

भाद्रपदात देवकाबाई पुन्हा आल्या. या वेळी त्या पायरीवर बसल्या नाहीत.

“साहेब, दिवाळीपावतर वाट पाहातो. मंग झाडं काढून टाकतो. जमीन उन्हाळाभर तापू देऊ अन् पुढच्या पावसाळ्यात लिंबू लावू. बायका मले बोलून राह्यल्या. म्हणते, तू साहेबाच्या शब्दावर गेली.”

“एक बहर अजून पाहू या.”

“हाच थो बहर, साहेब. फुलं आता आलीच हायेत.”

एवढे बोलून त्या गेल्या. नरहररावांचा सारा व्यवहार एका गोष्टीवर उभा होता: त्यांनी सांगितलेले खरे ठरते. दिवाळीनंतर ती झाडे उपटली गेली असती, तर त्यांच्या शब्दाची फेरमोजणी होऊन तो खोटा निघाला असता. त्यांनी हे कोणाला बोलून दाखवले नाही. मात्र त्या आठवड्यात त्यांच्या चपला दाराशी तिरप्या पडलेल्या कमलाबाईंना दोनदा दिसल्या.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला दरवर्षीप्रमाणे पुतण्या आणि त्याची पत्नी सुनीती वर्ध्याहून आली. सुनीती महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. जेवणे आटोपल्यावर कमलाबाईंनी नवऱ्याची आज्ञा मोडून तिला सारी हकीकत सांगितली. सुनीतीने अंगणात जाऊन झाडाचा एक झुपका तोडला, ओसरीत बसून पर्समधून भिंग आणि सुई काढली आणि एक फूल उभे चिरले. मग दुसरे चिरले. मग तिसरे.

“काका, त्या बायकांच्या झाडांची फुले मिळतील का?”

नरहरराव स्वतः गेले आणि प्रत्येक रांगेतल्या पहिल्या झाडाची फुले वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन आले. सुनीतीने तीही चिरली.

“सगळी एकाच घडणीची आहेत,” ती म्हणाली. “हे पाहा. मधली ही दांडी, जिच्या टोकाला पराग चिकटतो, ती उंच आहे. आणि परागाच्या पिशव्या खाली आहेत.”

“मग? असेच असते.”

“अर्ध्या झाडांत असे असते. उरलेल्या अर्ध्यांत उलट. पिशव्या वर, दांडी आखूड. कमरखात झाडांचे असे दोन प्रकार असतात. एका झाडाची सगळी फुले एकाच प्रकारची. उंच दांडीच्या फुलाला आखूड दांडीच्या झाडाचा पराग लागतो, आणि आखूडला उंचचा. आपल्याच प्रकारचा पराग दांडीच्या टोकावर बसला तरी पुढे सरकत नाही. फळ धरत नाही.”

“हा नियम कशासाठी?”

“सगोत्र विवाह टाळण्यासाठी,” सुनीती हसून म्हणाली. “तुम्ही आमच्या लग्नाच्या वेळी माझे गोत्र तीनदा विचारले होते, काका. झाडही तेच विचारते.”

कमलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. नरहरराव हसले नाहीत, परंतु मुद्दा त्यांना तत्काळ पटला, कारण तो नियमाच्या भाषेत मांडलेला होता.

“पण ती झाडे वेगवेगळी आहेत. एवढी कलमे आहेत.”

“कलमे आहेत म्हणूनच. ती वेगवेगळी झाडे नाहीत. तुमचे एकच झाड इतक्या जागी उभे आहे. पुलगावात आणि आर्वीतही तेच उभे आहे.”

नरहररावांनी मग त्यांच्या दृष्टीने निर्णायक असा आक्षेप घेतला. “माझे झाड इतकी वर्षे टोपल्यांनी फळत होते.”

“तेव्हा जवळपास आखूड दांडीचे एखादे झाड असले पाहिजे. होते का?”

“होते,” ते म्हणाले. “काढले.”

सुनीतीने कोणी काढले हे विचारले नाही. तिने दुसरेच विचारले. “आता जी चार फळे धरतात, ती कुठल्या फांदीवर?”

“भिंतीकडच्या. खालच्या.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“मग ते झाड पूर्ण मेलेले नाही. कुठेतरी थोडे फुलते आहे. नाहीतर ही चार फळेही धरली नसती.”

“मी स्वतः ते पडताना पाहिले आहे. बुंध्यासह काढायचा निर्णय होता.”

“निर्णय काय होता ते मला माहीत नाही, काका. फळे चार आहेत.”

नर्सरीतून नवे रोप आणावे, असा विचार नरहररावांनी लगेच मांडला. सुनीती म्हणाली की बियाच्या रोपाला फूल आल्याशिवाय ते कोणत्या प्रकारचे आहे हे कळत नाही, आणि फूल यायला वर्षे जातात. वर्षे हातात नव्हती, दिवाळी होती. गावातले सोडाच, वर्ध्यापर्यंतचे ओळखीचे प्रत्येक झाड त्यांचेच कलम होते. जिथे दुसरे असू शकले असते, तिथले त्यांनी अट घालून काढवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरराव तानबांच्या दुकानाच्या पायऱ्या चढले. सोबत सुनीती होती. दुकानात वच्छलाबाई बसल्या होत्या. तानबा मागे पोती लावत होते.

“काय जी साहेब,” वच्छलाबाई म्हणाल्या, “आज टेप नाई आणला?”

“नाही. तुमच्या परसात यायचे आहे.”

“काऊन? भितीच्या वर काई गेलं का आमचं? म्या तर कपडे बी खालच्या दोरीवर वाळवतो.”

“वच्छले, बसू दे त्याईले आधी,” आतून तानबा म्हणाले.

“बसा ना जी. म्या कुठं उभं ठेवलं? त्याईचेच पाय घाईत हायेत.”

सुनीतीने मग सरळ विचारले. “काकू, तुमचे कमरखाचे झाड अजून आहे का?”

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. तानबांनी पोत्याकडे पाहिले. मग वच्छलाबाई उठल्या आणि त्यांना मागे घेऊन गेल्या. परसात भिंतीलगत तुरीच्या वाळक्या काड्यांची गंजी रचलेली होती. तिच्या मागे कंबरेएवढ्या उंचीचा एक जाड बुंधा उभा होता. त्याला चहूबाजूंनी कोवळे फुटवे होते आणि बहुतेक शेंडे शेळीने खाल्लेले होते. पण भिंतीकडच्या बाजूला, जिथे शेळीचे तोंड पोचत नव्हते, तिथे बुंध्याच्या सालीवरच जांभळट फुलांचे दोन-तीन लहान झुपके होते.

“हे निर्णयाच्या विरुद्ध आहे,” नरहरराव म्हणाले. ते वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघाले असावे.

“हाव, हाय विरुद्ध,” वच्छलाबाई म्हणाल्या. “मुळं खोदाले माणूस आलता. म्या त्याले चहा पाजून परत धाडलं. भांडे कशानं घासू? पण भितीच्या वर एक पान जाऊ देल्लं नाई. विचारा याईले.”

“थे खरं हाय,” तानबा म्हणाले. “शेंडा वर आला का हे कोयता घेऊन धावते.”

सुनीतीने एक फूल तोडून चिरले आणि भिंग नरहररावांच्या हाती दिले. पिशव्या वर होत्या. दांडी आखूड, खाली दडलेली. नरहररावांनी ते बराच वेळ पाहिले.

“झाले काय, हे कोणी मले सांगन का?” वच्छलाबाईंनी विचारले. सुनीतीने त्यांना सोप्या शब्दांत सांगितले: दोन प्रकार, एकाला दुसऱ्याचा पराग, आणि या झाडावाचून त्या झाडाला फळ नाही. वच्छलाबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग त्या नरहररावांकडे वळल्या.

“म्हणजे आमच्या झाडासंग तुमच्या झाडाची सोयरीक होती म्हणा ना! आमी व्याही झालो. अन् व्याह्याले तुमी मुळासकट तोडाले निंगालते, साहेब!”

तानबांना हसू आवरले नाही. नरहरराव म्हणाले, “गाव म्हणते ती हाय नव्हे ही.”

“हाय नसन. पण झालं थेच ना?”

“कारण वेगळे आहे,” नरहरराव म्हणाले. “परिणाम तोच आहे.”

फुले न्यायला वच्छलाबाईंनी आडकाठी केली नाही. “न्या ना. फुलाले काय किंमत?” असे म्हणून त्यांनी झुपके स्वतः तोडून दिले.

तथापि नरहररावांना अजून एक खात्री करून घ्यायची होती. केवळ फुलाची घडण पाहून ते समाधानी नव्हते. सुनीती वर्ध्याला परत गेली तेव्हा तेही पुलगावहून एसटीने तिच्यामागे गेले आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासमोर चष्मा काढून बसले. सुनीतीने दोन्ही झाडांचे पराग लाल रंगात भिजवून एका काचेवर शेजारी शेजारी ठेवले होते. डोळा लावल्यावर त्यांना गोल, तीन खाचांचे दाणे दिसले. घडण दोन्हींची सारखीच होती. त्यांच्या झाडाचे दाणे लहान होते. तानबांच्या झाडाचे मोठे होते, आणि हा फरक सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

“माझ्या झाडाचा पराग खराब आहे का?”

“अजिबात नाही. भरलेला आहे, जिवंत आहे. रंग कसा धरला आहे पाहा. रोगही नाही, खताची उणीवही नाही. त्याच्यात दोष कसलाच नाही. फक्त आसपास सगळी त्याच्यासारखीच आहेत.”

“आणि आकारात हा फरक का?”

“मोठ्या दाण्याला उंच दांडीतून खालपर्यंत नळी न्यावी लागते, त्याची शिदोरी मोठी असते, असे एक मत आहे. सगळ्यांना ते मान्य नाही. आकार आणि प्रकार यांची जोडी मात्र कमरखात अशीच दिसते.”

मग तिने नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, बसवलेली बारीक पट्टी त्यांना दाखवली, जिच्यावर दाण्याची रुंदी मोजता येते. यानंतर नरहरराव दीड तास तिथून उठले नाहीत. डावीकडचे दाणे मोजले, उजवीकडचे मोजले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. प्रयोगशाळेतला कर्मचारी दोनदा किल्ल्या वाजवून गेला. शेवटी नरहररावांनी चष्मा घातला आणि ते म्हणाले, “बरोबर आहे.” त्या शब्दानंतर त्यांनी या विषयावर पुन्हा शंका घेतली नाही.

बुंध्यावर फुले थोडीच होती, त्यामुळे पराग फार थोड्या झुपक्यांना पुरणार होता. सुनीती दोन सकाळी आली आणि तिने देवकाबाईंच्या बागेत कोपऱ्यातल्या झाडांवर बारीक कुंचल्याने फुलांना पराग लावला. ज्या झुपक्यांना तानबांच्या झाडाचा पराग लावला, त्यांना लाल धागा बांधला. ज्यांना शेजारच्याच कलमाचा लावला, त्यांना पांढरा. नरहररावांनी धागे सारख्या लांबीचे कापून ठेवले होते. बागेतल्या बायका कंबरेवर हात ठेवून हा प्रकार पाहत होत्या.

“साहेब आता झाडाईचं लगन लावून राह्यले,” एक जण म्हणाली.

“अक्षता आणू का?” दुसरीने विचारले.

देवकाबाई हसल्या नाहीत. “दिवाळीले पाहू,” एवढेच म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी त्या स्वतःच नरहररावांच्या दारी आल्या आणि म्हणाल्या, “चला.” पांढऱ्या धाग्यांजवळ फांदी बोडकी होती. लाल धाग्यांजवळ बोटाच्या पेराएवढी, पाच धारांची, हिरवी फळे लोंबत होती. सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी. देवकाबाईंनी एक फळ हातात तोलले, तोडले नाही.

“असं प्रत्येक फुलाले कुंचला कोण लावन?”

“लावावा लागणार नाही,” नरहरराव म्हणाले. “तानबांच्या झाडाच्या डोळे असलेल्या काड्या तुमच्या काही झाडांच्या फांद्यांवर कलम म्हणून बांधायच्या. त्या फुलल्या की बाकीचे काम माश्या करतील. एक वर्ष मधे जाईल.”

“एक वर्ष.”

“एक. आणि फळ का धरले नाही, तेही तुमच्या बायकांना मीच सांगतो. दोष उन्हाचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. मी दिलेली सगळी कलमे एका झाडाची होती आणि ज्याची गरज होती ते झाड मी काढायला लावले होते.”

देवकाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. “तानबाभाऊ काड्या देतीन का पण?”

काड्यांसाठी झाड वाढू द्यावे लागणार होते, कारण शेळीने खाल्लेल्या शेंड्यांतून कामाच्या काड्या निघत नव्हत्या. नरहरराव पुन्हा दुकानाच्या पायऱ्या चढले. तानबांची काही हरकत नव्हती. वच्छलाबाईंची होती.

“झाड वाढवा म्हणता. म्हणजे भितीच्या वर जाईन. चालन का?”

“चालेल.”

“इथं दुकानात चालन म्हणून काय होते जी? ज्याईच्यासमोर नाई म्हनलं, त्याईच्यासमोर हाव म्हणा. नाईतर उद्या कोणी बी येईन अन् म्हणन, वच्छलानं निर्णय मोडला.”

“रास्त आहे,” नरहरराव म्हणाले. ही मागणी त्यांना अपमानास्पद वाटली की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सांगणे कठीण होते. एकदा झालेला निर्णय त्याच मंडळींसमोर बदलला पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या रीतीला धरूनच होती.

मंडळी पुन्हा जमली. पूर्वीच्यांपैकी एक जण वारले होते, बाकीचे आले. देवकाबाई आणि गटाच्या बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या. नरहरराव उभे राहिले आणि जणू मोजणीचा निकाल वाचून दाखवत असल्याप्रमाणे बोलले. हद्दीची मोजणी बरोबर होती, ती तशीच राहील, असे ते आधी म्हणाले. त्यानंतर म्हणाले की झाडाबाबतची आपली मागणी चुकीची होती. ते झाड आपल्या झाडाच्या फळण्याला आवश्यक होते, हे आपल्याला माहीत नव्हते. सबब ते झाड भिंतीच्या वर कितीही वाढावे आणि अलीकडे झुकावे, त्याला आपली हरकत नाही आणि पुढे असणार नाही.

“पानं पडतीन मंग अंगणात,” मंडळींतले एक वृद्ध गंमतीने म्हणाले.

“पडतील,” नरहरराव म्हणाले आणि खाली बसले.

वच्छलाबाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून शेळी परसाच्या दुसऱ्या टोकाला बांधलेली दिसू लागली. देवकाबाईंनी बायकांना विचारले. दोघी-तिघी म्हणाल्या की लिंबूच बरे, त्याला लग्नाची भानगड नसते. बाकीच्या म्हणाल्या की लाल धाग्यांची फळे डोळ्यांनी पाहिली आहेत. बराच वेळ वाद झाला. अखेर एक वर्ष थांबायचे ठरले, त्याहून एक दिवस जास्त नाही.

पुढच्या आषाढात काड्या तयार झाल्या. नरहररावांनी त्या स्वतः बांधल्या. कोणत्या झाडांवर बांधायच्या याचा त्यांनी समान अंतरांचा एक नकाशा मनात आखला होता, पण बायकांनी विहिरीजवळची, जोमाची झाडे निवडली, आणि सुनीती म्हणाली की माश्यांना अंतर सारखे असण्याशी काही कर्तव्य नाही. त्यांनी नकाशा सोडून दिला. त्या वर्षी बांधलेल्या काड्या जगल्या, पण फुलल्या फार थोड्या. कुंचला पुन्हा काढावा लागला. त्याच्या आधाराने धरलेली थोडी फळे दाखवून देवकाबाईंनी बायकांना आणखी एक बहर थांबवून धरले. त्यासाठी त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागले, ते त्यांनी नरहररावांना कधी सांगितले नाही.

यंदा भाद्रपदात कुंचला कोणी लावला नाही. नरहरराव कार्तिकात एका सकाळी बागेत गेले तेव्हा बायका झाडांना आळी करत होत्या. त्यांनी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली आणि एकेक झाड पाहत गेले. बांधलेल्या काड्यांपासून जवळच्या झाडांवर फळे दाट होती, दूरच्यांवर विरळ. परंतु एकही झाड रिकामे नव्हते. शेवटच्या रांगेत देवकाबाई एका वाकलेल्या फांदीला खांदा देऊन उभ्या होत्या.

“बरं झालं आले, साहेब. ह्या फांद्यांले टेकू लावा लागतीन, नाईतर मोडतीन. बांबू कुठं भेटन?”

“पुलगावच्या लाकडाच्या टालावर मिळतील.”

“लांबी किती सांगू?”

नरहरराव फांदीखाली वाकले. फळांचा भार अजून वाढायचा होता.

“आज सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “पंधरा दिवसांनी सुमारे किती खाली येते, ते पाहू.”